वरचा डावा चौथा

३ मार्च

त्या सकाळी मी आधी बाकाखालची प्लास्टरची धूळ ओल्या फडक्याने टिपून घेतली. झाडूने झाडली की ती उडते आणि ह्यांना खोकला यायचा. मग चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत दोन ठशांत प्लास्टर ओतलं, आणि ते घट्ट होईपर्यंत कपडे वाळत घालायला घेतले. तिसरी चादर पिळत होते तेव्हा पुढच्या खोलीतून हाक आली.

"अगं, खिडकीपाशी ये. तोंड उघड."

ओल्या हातांनी तशीच गेले. ह्यांनी खुर्ची खाली करून घेतली होती आणि दोन्ही कोपरं खणावर टेकवली होती. पाठ दुखते म्हणाले. चिमट्यात माझ्यासाठी केलेला नवा दात होता. तो माझ्या सुळ्याशेजारी धरून, एक डोळा मिटून, हे बघत राहिले. तीस वर्षं लोकांच्या दातांकडे बघत आले तसंच. मला हसू फुटलं.

"हसू नको, रंग बदलतो."

"हसल्याने दाताचा रंग बदलतो?"

"ओठाची सावली पडते."

"सरळ दिसायला हवा हं. जुन्यासारखा, ओळीत. दात करणाऱ्याची बायको आणि तिचाच दात वाकडा, असं नको."

"दिसेल," हे म्हणाले आणि बाकाकडे वळले. मी जाऊन चादर वाळत घातली.

एवढंच. विशेष काही घडलं नव्हतं. पण आज दिवसभर तीच सकाळ डोक्यात आहे, कारण आज डॉक्टरबाई म्हणाल्या की तो दात काढावा लागेल.

त्या असंही म्हणाल्या की हिरडीतून रक्त कधी येतं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. लिहायचंच आहे तर नीट लिहिते.

वरचा डावा चौथा म्हणजे सुळ्याच्या लगेच मागचा दात. माझा तो पाच वर्षांपूर्वी मुळापर्यंत तडकला. डॉक्टरबाईंनी जागेवर टायटॅनियमचा स्क्रू बसवला. स्क्रूवर धातूची खुंटी, खुंटीवर कॅप. कॅप ह्यांनी केली. ती बसल्यावर अकराव्या दिवशी हे इस्पितळात गेले आणि परत आले नाहीत. त्यानंतर ह्यांच्या हातचा दात कुणाच्या तोंडात बसलेला नाही. माझा शेवटचा.

आज डॉक्टरबाईंनी दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात हाड स्क्रूच्या डोक्यापर्यंत आलेलं. आजच्यात स्क्रूच्या दोन्ही अंगांना बशीसारखा खड्डा. तीन आटे उघडे पडलेत.

"काकू, इथे घासता का?"

"हळूच."

"हळूच म्हणजे?"

"म्हणजे हलू नये इतपत."

"आणि धागा? मधून धागा घालायला सांगितला होता."

"धाग्याने कॅप निघाली तर?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "स्क्रू थोडा कललेला आहे, त्यामुळे खुंटी सतरा अंशांची घ्यावी लागली होती. कॅप काढल्याशिवाय खाली नीट साफ करता येणार नाही. आणि ती पक्क्या सिमेंटने बसवलेली आहे. म्हणजे कापूनच काढावी लागेल."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

वाकडा स्क्रू! हे मला आज कळतंय. पंधरा वर्षं आम्ही ह्या बाईंचं काम केलं, आणि त्यांनी माझ्याच तोंडात वाकडा स्क्रू घातला. आता त्यांच्या चुकीसाठी ह्यांचा दात कापायचा. मी कापू देणार नाही. कोण चुकलं ते कागदावर दाखवून देईन, मग बघू.

५ मार्च

सकाळी घासताना रक्त. थोडं.

ताई आल्या होत्या. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तोंडात पूर्ण कवळी, वरची आणि खालची, दोन्ही ह्यांनीच केलेल्या. बोलताना खालची जरा टकटकते. त्याची त्यांना लाज नाही, उलट भांडणात उपयोग करतात.

मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "मग काढून टाक की."

"ताई, ह्यांनी केलेला शेवटचा आहे तो."

"माझ्या भावाच्या हातचे अठ्ठावीस दात आहेत माझ्या तोंडात. तुझा एक. मोजायचंच असेल तर रडायचा पहिला मान माझा."

ह्या बाईंशी गंभीर बोलणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. मी बिस्किटं पुढे ठेवली. त्यांनी चहात बुडवून खाल्ली. मी एक घेतलं, उजव्या बाजूने.

"उजवीकडूनच का खातेस?"

"सवय."

"कधीपासून?"

मी कप उचलून आत नेले.

८ मार्च

वाचनालयात गेले. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं ह्या वाचनालयात. कथा-कादंबऱ्यांचं कपाट संपल्यावर इतिहास, मग झाडांची पुस्तकं, मग ह्यांच्या कामामुळे धातू आणि चिनी माती. आज दंतवैद्यकाचं जाडं पुस्तक मागितलं. ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं.

"बाई, ते डॉक्टर लोकांसाठी आहे."

"मलाही दात आहेत."

त्यांनी स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून काढून दिलं. घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं. शब्दकोश शेजारी घेऊन चार तासांत अकरा पानं झाली. खूण म्हणून दवाखान्यातून आलेलं एक जुनं कार्ड घातलं. अशी कार्डं माझ्याकडे बरीच आहेत. दर सहा महिन्यांनी येतात, खुणेला चांगली पडतात.

११ मार्च

आज जे वाचलं ते आवडलं नाही. तरी लिहिते.

मी स्क्रूच्या कोनावरचं प्रकरण शोधून काढलं. मला हवं होतं ते एकच वाक्य: वाकडा स्क्रू हाड खातो. ते वाक्य तिथे नाही. उलट असं आहे की कललेल्या आणि सरळ स्क्रूंभोवतीचं हाड वर्षानुवर्षं मोजून पाहिलं, तर मोठा फरक आढळत नाही. हाड जिथे जाड असेल तिथे स्क्रू कलवून बसवणं ही चूक नाही, कित्येकदा तेच शहाणपणाचं असतं. मी ते पान तीनदा वाचलं. शब्दकोशात काही चुकीचं पाहिलं का म्हणून तेही तपासलं.

पुढे असं आहे: बघायचं ते कॅपच्या मानेकडे. हिरडीतून वर येताना मान फार फाकली, तीस अंशांच्या वर, आणि फुगीर असली, तर तिच्याखाली ब्रश पोचत नाही. सिमेंटचा एखादा कण आत राहिला तरी तेच. मग घाण साठते, हिरडी सुजते, आणि हाड मागे सरत जातं. सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं.

मान स्क्रू बसवणारा करत नाही. मान कॅप करणारा करतो.

पुस्तक परत दिलं. ग्रंथपालांनी विचारलं, "सापडलं का हवं ते?" मी म्हटलं, "नाही."

१२ मार्च

पाच वर्षांत पहिल्यांदा घरच्या कामांचं खोकं काढलं. पुढच्या खोलीत ह्यांचा बाक, यंत्र, फळ्या सगळं तसंच आहे. मी अजून प्लास्टर ओतते, कवळ्या पॉलिश करते, पण बाकाच्या ह्या टोकाला बसून. ह्यांची खुर्ची त्या टोकाला.

खोक्यात माझ्या वरच्या जबड्याचा साचा आहे. त्यात चौथ्याच्या जागी पितळी रंगाचा नकली स्क्रू, तोंडातल्या खऱ्या स्क्रूच्या बरहुकूम. साचा डोळ्यांसमोर धरला की कळतं. स्क्रूचं डोकं गालाकडे झुकलेलं आहे. दात मात्र ओळीत हवा. म्हणजे कॅपला आतल्या बाजूला, टाळूकडे, ओढून आणावं लागलं असणार. मी आरशासमोर हात-आरसा धरून पाहिलं. आहे तसंच. खिडकीवर छज्जा असतो तशी कड. तिच्याखाली जीभ लावली तर खोबण लागते.

पुढून बघितलं तर दात इतका सुरेख आहे की लोक विचारतात, ह्यातला खोटा कुठला?

पंधरा वर्षांत डॉक्टरबाईंकडून ह्यांचं एकही काम परत आलं नाही.

१३ मार्च

काही वाचलं नाही. काही लिहायचं नाही.

१९ मार्च

दवाखान्यातून फोन. मी सांगितलं, पाहुणे आलेत, पुढच्या आठवड्यात बघते. पाहुणे कसले? ठेवून दिल्यावर माझी मलाच लाज वाटली. रक्त रोज येतंय. काल उशीवर डाग होता.

चौथ्यावर बोट ठेवून बसले होते बराच वेळ. घट्ट आहे. जराही हलत नाही. मग हाड कमी झालं म्हणतात ते खरं कशावरून? पण मी एक्स-रे बघितला आहे. आटे मोजता आले. एक, दोन, तीन.

२२ मार्च

ताई परत आल्या. दार उघडल्या उघडल्या, "काढलास?"

"नाही."

"का?"

मी सांगून टाकलं. स्क्रूची चूक नव्हती, मान ह्यांनीच फुगवली. दात काढला तर डॉक्टरबाईंना कळणार, त्यांच्या फायलीत लिहिलं जाणार. इतकी वर्षं कधी बोट ठेवायला जागा दिली नाही ह्यांनी, आणि आता नसताना...

ताईंनी खालची कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि माझ्यासमोर सरकवली. खालच्या दातांशिवाय त्यांचा चेहरा अगदी लहान होतो.

"हे बघ. हा जोड दिसतो? मोरीत पडून तुटली तेव्हाचा. हा दुसरा, पायरीवरून. पहिल्यांदा मी रडत आले होते त्याच्याकडे, तुझी कलाकुसर मोडली रे म्हणून. तर मला म्हणाला, ताई, दात आहेत ते, काचेच्या कपाटातली बाहुली नाही. आण इकडे." अर्ध्या दातांच्या तोंडाने सगळे शब्द फसफसत होते, पण मला एकूण एक कळला. "आणि तू त्याला बाहुलीवाला करून ठेवलायस."

"तसं नाही, ताई."

"पाच वर्षं डाव्या बाजूने चावलेली नाहीस. मला दिसत नाही होय? दात नाहीत, डोळे आहेत."

मग कवळी धुऊन बसवली आणि जेवायला काय आहे विचारलं.

त्या गेल्यावर मी ह्यांची कामाची वही काढली. प्रत्येक कामाची एक ओळ: तारीख, डॉक्टर, दात, रंग, शेरा. शेवटच्या पानावरचं अक्षर उताराला लागल्यासारखं खाली खाली गेलंय. घाईत असतील. शेवटची ओळ अशी आहे:

"वरचा डावा चौथा. घरचं. खुंटी १७. ए-३. ओळीत हवा म्हणते. मान जाड झाली आहे. हिरडी बसेपर्यंत राहू दे. कच्चं सिमेंट. सहा महिन्यांनी काढून मान उतरवणे."

ह्यांना माहीत होतं.

मी ती ओळ बोटाने वाचली, लहान मुलं वाचतात तशी. काढून मान उतरवणे. काम संपलं असं ह्यांनी लिहिलेलंच नाही. आणि "ओळीत हवा म्हणते" हे कोण म्हणालं ते मला चांगलं ठाऊक आहे. ओले हात घेऊन खिडकीपाशी उभी होते.

मग प्रश्न राहिला तो सिमेंटचा. ह्यांनी कच्चं लिहिलं, म्हणजे सहज निघेल असं. कॅपच्या डबीत तशी चिठ्ठीही होती, डबी मी स्वतः दवाखान्यात नेऊन दिली होती. मग पक्कं लावलं कुणी? उद्या रविवार. परवा जाऊन विचारते.

२४ मार्च

विचारलं.

वही बरोबर घेऊनच गेले होते. डॉक्टरबाईंच्या समोर उघडून ठेवली. "हे काय लिहिलंय? कच्चं. मग तुम्ही पक्कं का लावलंत?"

त्यांनी ह्यांची ओळ वाचली. मग मागच्या खोलीत जाऊन माझी फाइल आणली, पान काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. त्यांच्याच अक्षरात:

"लॅबची सूचना: कच्चं सिमेंट. पेशंट म्हणतात, पक्कं लावा, कधीच निघायला नको. समजावून सांगितलं. पक्कं लावलं."

"मी असं म्हणाले?"

"मी ऐकायला नको होतं, काकू. चूक माझीच. पण काकांची इस्पितळात जायची तारीख ठरली होती, आणि तुम्ही माझा हात धरून ठेवला होता."

मला हात धरल्याचं आठवत नाही. त्या दिवशी माझ्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, ते आठवतं. दवाखान्याच्या पायरीवर लक्षात आलं आणि तशीच आत गेले.

"आणि मी दर सहा महिन्यांनी कार्ड पाठवत होते," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "एकदा जरी आला असतात, तरी खड्डा इतका झाला नसता."

दहा कार्डं. माझ्या घरात दहा पुस्तकांत आहेत.

मग मी विचारलं, "स्क्रू सरळ का नाही घातलात?" त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तिथलं पुढचं हाड आत दबलेलं होतं. सरळ घातला असता तर टोक हाडातून बाहेर आलं असतं. म्हणून हाडाच्या कलाने बसवला. पुस्तकात होतं तसंच. मी इतके दिवस ह्या बाईंना मनात काय काय बोलले ते त्यांना सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.

"कॅप काढल्यावर हाड भरून येईल?"

"गेलेलं परत येईलच असं सांगत नाही. कदाचित थोडं. उरलेलं टिकवायचं, काकू. आणखी दोन वर्षं असंच गेलं तर स्क्रूच सुटेल, आणि मग ह्या जागी दुसरा बसवण्याइतकं हाडही राहणार नाही."

"काढायची," मी म्हटलं. "पण कापायची नाही. अख्खी काढायची."

"पक्क्या सिमेंटची कशी निघणार अख्खी?"

"खुंटी स्क्रूला आतल्या बारीक स्क्रूने घट्ट केली आहे ना? तो सापडला की खुंटी आणि कॅप एकत्रच सुटून येतील. कॅपला भोक पाडून तिथवर पोचायचं."

"बरोबर आहे. पण भोक नेमकं कुठे पाडायचं? स्क्रू कललेला. दोन मिलिमीटर चुकलं तर खुंटीच खराब होईल. मला बाहेरून दिसत नाही."

"तुम्हाला दिसत नाही. माझ्याकडे साचा आहे."

२६ मार्च

भोकाची जागा दाखवणारी पट्टी करायला घेतली. साच्यातल्या नकली स्क्रूत लांब पिन पिळून बसवली. पिन जिकडे निघते तिकडेच आतल्या स्क्रूचं डोकं. ती गालाच्या बाजूने बाहेर आली, दाताच्या दर्शनी अंगातून. म्हणजे भोक पुढे पडणार, हसलं की दिसणार. दिसू दे.

शेजारच्या तीन-तीन दातांवर घट्ट बसेल अशी प्लास्टिकची पट्टी केली, पिनच्या जागी छोटी नळी. पिन काढली की राहील ते भोक. त्यातून डॉक्टरबाईंच्या ड्रिलचं टोक गेलं की दुसरीकडे जायची सोयच नाही.

साच्यावर झकास बसली. आरशासमोर तोंडात घातली तर बसेना. खूप दाबलं, ओठाला लागलं. साच्यावर चौथ्याच्या जागी नुसता नकली स्क्रू आहे, माझ्या तोंडात मात्र अख्खा दात आहे, ही गोष्ट मी विसरले. इतक्या वर्षांच्या अनुभवाची बाई! हे असते तर आठवडाभर चिडवलं असतं.

२८ मार्च

दुसरी पट्टी. ह्या वेळी आधी साच्यावर मेणाचा चौथा उभा केला, वहीतल्या ओळीप्रमाणे, जाड मानेसकट. मेणात ती मान करताना हाताला कळलं की दुसरा मार्गच नव्हता. ओळीत हवा असेल तर इतकं आत आणावंच लागतं. निदान पहिल्या फेरीत. हिरडी खाली बसल्यावर किती उतरवता येईल ते नंतर बघायचं, असा हिशेब असणार.

तोंडात बसली. टक्‌ आवाज झाला. नळीतून काडी घातली, ती दाताच्या मधोमध टेकली. ताई सोफ्यावर बसून बघत होत्या. मी पट्टी घातलेल्या तोंडानेच विचारलं, कशी दिसते.

"घोड्याच्या लगामासारखी," त्या म्हणाल्या. "पण तुला बरी दिसतेय."

दवाखान्यात फोन करून दिवस घेतला. २ एप्रिल, सकाळी दहा.

१ एप्रिल

घर झाडलं. कार्डं गोळा केली. दहा नाही, नऊच सापडली. दहावं बहुधा वाचनालयाच्या पुस्तकात राहिलंय. राहू दे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

उद्या हा दात तोंडात नसेल. मी आज डाव्या बाजूने एक गाजर खाल्लं. कच्चं. पाच वर्षांत पहिल्यांदा. काही झालं नाही. कराकरा चावलं गेलं. मग उगाचच आणखी एक खाल्लं.

२ एप्रिल

निघाला. अख्खा.

क्रमाने लिहिते. सुई देऊन बधिर केलं. पट्टी बसवली. डॉक्टरबाईंनी नळीतून टोक आत घातलं, पाणी सोडलं. घरघर आवाज डोक्याच्या आतून येतो. जिभेवर पांढरी भुकटी आली. तो दातच होता, दुसरं काय? मी डोळे मिटले नाहीत. छतावर दिवा होता, त्याच्या कडेला एक मेलेली माशी, तिच्याकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काकू, कापूस लागला." स्क्रूच्या डोक्यावर भोक बुजवायला घातलेला कापसाचा बोळा. म्हणजे नेमकी तीच जागा. मग बारीक पाना घालून त्या उलटं पिळत गेल्या. मनात मोजत होते. सहाव्या फेऱ्यानंतर तोंडात काहीतरी हलकं झालं.

ट्रेमध्ये ठेवला. मी उठून बसून बघितला. पुढून स्वच्छ, ए-३ रंगाचा, त्यात एक गोल भोक. मागून छज्जा. छज्ज्याखाली करड्या सिमेंटचा कडक काठ, आणि त्यावर साठलेलं. वास आला. लिहायला लाज वाटते, पण ह्या वहीत खरं लिहायचं ठरवलंय. ते सिमेंट मी हात धरून लावून घेतलेलं होतं, आणि त्यावरचं मी साठू दिलेलं होतं. ह्यांचा त्यातला भाग फक्त आकार, तोही उधार ठेवलेला.

डॉक्टरबाईंनी स्क्रूभोवती बराच वेळ साफ केलं. मग स्क्रूवर छोटं झाकण बसवलं. म्हणाल्या, "स्क्रू घट्ट आहे. वेळेत आलात. दोन आठवडे हिरडीला विश्रांती देऊ, मग कॅप. ह्या वेळी सिमेंट नाही, भोकातून स्क्रूनेच आवळायची, म्हणजे हवी तेव्हा काढून साफ करता येईल. नवीन करून घ्यायची की हीच बारीक करून वापरायची?"

"हीच."

"मग मी दुसऱ्या लॅबला पाठवते. कॅप झिरकोनियाची आहे. जोर पडला किंवा तापली तर तडा जायचा."

"पाठवू नका. मी करते."

"तुम्ही?"

"पंधरा वर्षं तुमच्या कामाचं पॉलिश कोण करत होतं?"

त्या बघतच राहिल्या. "काका करायचे ना?"

"काका आकार द्यायचे. त्यांचा हात यंत्रावरून उठला की दात माझ्याकडे यायचा."

त्यांनी दात उकळून, डबीत घालून माझ्या हातात दिला. त्याच प्रकारची डबी, निळ्या झाकणाची. त्यात चिठ्ठी नव्हती.

घरी येताना ताईंना फोन केला. "काढला," म्हटलं. बधिर ओठामुळे सगळे शब्द फसफसत होते. पलीकडून त्या म्हणाल्या, "आता बोलतेयस माझ्यासारखी."

३ एप्रिल

बाकाखालची धूळ ओल्या फडक्याने टिपली. चहा घेतला. दोन ठसे आले होते, त्यांत प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत बाकाच्या त्या टोकाला जाऊन ह्यांच्या खुर्चीत बसले. ती अजून खाली केलेलीच होती. माझ्या उंचीला ठीक आहे.

दात नकली स्क्रूवर आवळला. हिऱ्याचं बारीक टोक लावलं, पाण्याची धार सोडली, आणि टाळूकडची मान उतरवायला घेतली. थोडं घासायचं, थांबायचं, उजेडात धरायचं. चाळीस मिनिटं लागली. तडा गेला नाही. मग रबरी चाकाने आणि शेवटी लेपाने पॉलिश केलं, नख फिरवल्यावर कुठेही अडकणार नाही इतकं.

वही उघडली. ह्यांच्या ओळीखाली जागा होती. तिथे आजची तारीख घातली आणि लिहिलं: "मान उतरवली. धागा घालून पाहिला. आरपार जातो."